अ‍ॅव्हरेज वाढवणारी यंत्रे : दावा आणि मोजमाप

(मानवत येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



आज मी घेतलेला विषय गॅरेजमधला आहे. गाडीला बसवले की पेट्रोल-डिझेल वाचते, अ‍ॅव्हरेज वाढते, असे सांगून जी उपकरणे विकली जातात ती खरोखर काम करतात का, हा तो प्रश्न. उत्तर आधीच सांगून टाकतो. गाडी तीच, इंधन तेच, आणि वरून बसवलेल्या उपकरणाने पंधरा-वीस-तीस टक्के बचत, हा दावा स्वतंत्र चाचणीत टिकलेला नाही. पण माझ्या शब्दावर विसंबून तुम्ही हे उत्तर घेतलेत, तर उद्या दुसरा कोणी याहून ठासून बोलला की त्याचेही घ्याल. म्हणून उत्तरापेक्षा ते तपासायचे कसे, यावर मी जास्त वेळ देणार आहे.

हा विषय मानवतमध्येच का, तेही सांगतो. आपला परभणी जिल्हा महाग पेट्रोलसाठी देशभरच्या बातम्यांत येऊन गेला आहे. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये लिटरचा भाव नव्वद रुपयांवर गेला तेव्हा परभणीचे नाव ठळक छापून आले. २०२१ मध्ये त्याने शंभरी ओलांडली. कराचा बोजा सगळ्या राज्याला जवळपास सारखाच, पण आपल्याकडे इंधन मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोतून सुमारे तीनशे किलोमीटर टँकरने येते, आणि ते वाहतूकभाडे आपल्या लिटरवर चढते. ज्या गावात पेट्रोल जास्त महाग, त्या गावात ते वाचवण्याचे आश्वासन जास्त खपते. महिन्याला हजार किलोमीटर चालणारी, लिटरला अठरा किलोमीटर देणारी गाडी धरा. तिला साधारण साडेपंचावन्न लिटर लागतात. लिटर १०५ रुपये धरले तर महिन्याचे ५८०० रुपये होतात. तीस टक्के बचत म्हणजे महिन्याला साडेसतराशे रुपये. पाथरी-मानवत-परभणी रस्त्यावर प्रवासी किंवा माल वाहून घर चालवणाऱ्याला हा आकडा ऐकून थांबावेसे वाटले, तर त्यात त्याचा काही दोष नाही. त्याची गरज खरी आहे, म्हणूनच त्याला दिलेले आश्वासनही खरे असले पाहिजे.

आता एक लिटर पेट्रोलचे इंजिनात काय होते ते पाहू. एका लिटरमध्ये विजेच्या हिशोबात सुमारे नऊ युनिट ऊर्जा असते. त्यातली दोन-अडीच, फार तर तीन युनिटे गाडी ढकलायच्या कामी येतात. उरलेली उष्णता होऊन सायलेन्सरमधून, रेडिएटरमधून आणि इंजिनातल्या घर्षणात जाते. विक्रेते नेमके इथेच बोट ठेवतात. “तुमचे सत्तर टक्के पेट्रोल वाया जाते, न जळता बाहेर पडते, आमचे यंत्र ते पूर्ण जाळते,” असे ते सांगतात. वाक्याचा पहिला तुकडा बऱ्याच अंशी खरा आहे, दुसरा खोटा आहे. ऊर्जा वाया जाते, पण पेट्रोल न जळता जात नाही. चांगल्या स्थितीतल्या आजच्या इंजिनात सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव टक्क्यांहून अधिक इंधन जळते. न जळलेले इंधन धुराड्यातून गेले, तर पीयूसीच्या तपासणीत ते लगेच दिसते. मग “ज्वलन सुधारणाऱ्या” कोणत्याही यंत्राला मिळवण्यासारखे शिल्लक किती? दोन-तीन टक्के. यंत्र परिपूर्ण असले तरी त्याच्या पुढे जाता येत नाही. जी ऊर्जा उष्णता होऊन जाते, ती उष्णतेच्या इंजिनाचा स्वभाव म्हणून जाते, आणि नळीवर काही बांधून ती परत मिळत नाही.

हे एक सूत्र हाती ठेवले की बहुतेक उपकरणांचा निकाल लागतो.

पहिले, लोहचुंबकाचे. पेट्रोलच्या नळीवर चुंबक बांधला की “रेणू सुटे होतात, सरळ रांगेत येतात,” असे सांगतात. पेट्रोलवर चुंबकाचा परिणाम अतिशय क्षीण असतो, आणि द्रव चुंबकापासून दूर गेला की तोही उरत नाही. पुढे पंप आहे, इंजेक्टर आहे, तिथे तुषार होतात, वाफ होते. नळीतल्या कोणत्याही रांगेची आठवण सिलिंडरपर्यंत पोहोचत नाही.

दुसरे, हवेच्या नळीत बसवायचे पाते किंवा चक्री. हवा भोवऱ्यासारखी फिरून पेट्रोलमध्ये चांगली मिसळते, असा दावा. हवेला योग्य वळण देण्याचे काम इंजिन घडवतानाच केलेले असते. वाटेत पाते ठेवले की हवेला अडथळा होतो, आणि पूर्ण पिकअप घेताना इंजिनाचा दम कमी पडतो.

तिसरे, डॅशबोर्डखालच्या निदानाच्या सॉकेटमध्ये खोचायची छोटी डबी. ती गाडीचा संगणक “शिकते” आणि त्याची मांडणी बदलते, असे सांगतात. अशा स्वस्त डब्या अनेकांनी उघडून पाहिल्या. आत लुकलुकणारे दिवे आणि ते चालवणारा छोटा सर्किटबोर्ड मिळाला. गाडीच्या संगणकाशी बोलणारी जोडणीच नव्हती.

चौथे, टाकीत टाकायच्या गोळ्या. आपल्याकडे डांबरगोळ्या टाकण्याची युक्तीही जुन्या चालकांकडून ऐकू येते. चाळीस लिटरच्या टाकीत चार गोळ्यांनी ऊर्जेत पडणारी भर नगण्य, आणि इंजेक्टरच्या तोंडाशी थर धरण्याचा धोका मात्र घरी आणलेला. इंधनातल्या स्वच्छता-द्रव्यांचा उपयोग खरा आहे. ती इंजेक्टर साफ ठेवतात आणि अ‍ॅव्हरेज घसरू देत नाहीत. निरोगी इंजिनाचे अ‍ॅव्हरेज त्यांनी उडी मारत नाही.

पाचव्या यंत्राकडे थोडे थांबून पाहू, कारण शिकलेली माणसेही त्याला भुलतात. हे पाण्याचे यंत्र. बॅटरीच्या विजेने पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन करायचे, तो वायू इंजिनात सोडायचा आणि पेट्रोल वाचवायचे. यातली रसायनक्रिया खरी आहे, शाळेच्या प्रयोगशाळेत ती आपण पाहतो. हिशोब मात्र पूर्ण मांडला जात नाही. वीज बॅटरीतून येते, बॅटरी आल्टरनेटर भरतो, आल्टरनेटरला इंजिन फिरवते आणि इंजिन पेट्रोलवर चालते. नऊ युनिट पेट्रोल जाळा. इंजिनाच्या दांड्यावर पावणेतीन युनिट मिळतील. आल्टरनेटरमधून वीज म्हणून दीड-पावणेदोन बाहेर येतील. पाण्याच्या विघटनात पुन्हा घट होऊन वायूच्या रूपात जेमतेम एक युनिट हाती लागेल. तो वायू पुन्हा त्याच इंजिनात जाळायचा, तिथेही पाऊण भाग उष्णतेत जाणार. नऊ देऊन एक घेण्याच्या या व्यवहाराला बचत म्हणता येत नाही. शिवाय बॉनेटखाली ज्वालाग्राही वायू आणि वाढीव वायरिंग आणून बसवलेले असते.

प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगायला हवी. अशा यंत्रांवरचा विश्वास अगदी आकाशातून पडलेला नाही. कार्बोरेटरच्या काळात पुष्कळ गाड्या गरजेपेक्षा जास्त पेट्रोल ओढत. जाणता मेकॅनिक मिक्श्चरचा स्क्रू फिरवून, हवा थोडी वाढवून खरोखर चार-दोन किलोमीटर काढून देई. त्याची किंमत कधी पिकअपमध्ये, कधी तापणाऱ्या इंजिनात मोजावी लागे, पण बचत खरी होती. आज पेट्रोलच्या गाडीत ऑक्सिजनचा सेन्सर धूर क्षणोक्षणी तपासतो, आणि एक भाग पेट्रोलला साधारण १४.७ भाग हवा हे वजनाचे प्रमाण संगणक राखतो. एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाची मानके लागू झाली आणि बहुतेक नव्या दुचाकींतूनही कार्बोरेटर गेला. जो दोष सुधारून तेव्हा बचत होत होती, तो दोषच उरला नाही. जुना अनुभव खरा होता, पण नव्या गाड्यांत ते इंजिन आता नाही.

खऱ्या बचतीचे आणखी एक जुने उदाहरण घ्या. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पेट्रोलचे रेशनिंग झाले, तेव्हा आपल्या देशात कोळशाच्या गॅसवर मोटारी आणि बस धावल्या. गाडीला भट्टी जोडायची, कोळसा धुमसवायचा, निघालेला वायू गाळून इंजिनात सोडायचा. चढावर दम कमी पडे, रोज राख काढावी लागे, निघण्याआधी भट्टी पेटवून थांबावे लागे. पण पेट्रोल वाचले, कारण त्याच्या जागी कोळसा जळत होता. ऊर्जा कुठून आली, याचा जमाखर्च तिथे पूर्ण होता. आजचे मान्यताप्राप्त सीएनजी किटही असेच आहे: एक इंधन काढले, दुसरे दिले. बचतीचा दावा ऐकला की पहिला प्रश्न हाच विचारावा, की ऊर्जा कुठून येते? ज्याला याचे उत्तर देता येत नाही, त्याला बचतीचे आश्वासन देण्याचा अधिकार नाही.

हा प्रश्न वेळेवर विचारला नाही तर काय होते, हे देशाने पाहिले आहे. १९९६ मध्ये तामिळनाडूतल्या रामर पिल्लै याने वनौषधी पाण्यात उकळून पेट्रोल तयार करतो असा दावा केला. वर्तमानपत्रे भरून गेली, मोठमोठ्या माणसांनी कौतुक केले. शास्त्रज्ञांच्या देखरेखीखाली प्रयोग झाला, तेव्हा ढवळण्याच्या पोकळ काठीतून आधीच भरलेले पेट्रोल भांड्यात सोडण्याची युक्ती उघड झाली. तरीही पुढे काही काळ त्याचे “इंधन” विकले गेले. प्रकरण सीबीआयकडे गेले आणि २०१६ मध्ये चेन्नईच्या न्यायालयाने त्याला तीन वर्षांची शिक्षा सुनावली. दाव्यापासून निकालापर्यंत वीस वर्षे लागली.

जगाचा अनुभव वेगळा नाही. १९३० च्या दशकात कॅनडातल्या विनिपेगच्या चार्ल्स नेल्सन पोग याने गॅलनला दोनशे मैलांच्या आसपास धावणाऱ्या कार्बोरेटरचा दावा केला. तेलकंपन्यांनी तो शोध दाबला, ही कथा तेव्हापासून फिरते आहे. त्याची पेटंटे छापील आहेत, कोणालाही वाचता येतात, त्यांची मुदत केव्हाच संपली आहे. कोणी अडवत नसतानाही त्या आराखड्यावरून तसे इंजिन कोणी चालवून दाखवलेले नाही. १९७० च्या दशकातल्या तेलटंचाईनंतर अमेरिकेत अशा उपकरणांचे पीक आले, तेव्हा तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेने ती तपासायला घेतली. शंभराहून अधिक उपकरणांची तपासणी किंवा मूल्यमापन झाले. लक्षणीय बचत करणारे एकही सापडले नाही. मोजक्या उपकरणांत किंचित फायदा दिसला, आणि काहींनी उलट धूर वाढवला.

दडपलेल्या शोधाच्या कथेला आपल्या देशातही उत्तर आहे. मोटारकंपन्यांनी विकलेल्या सर्व गाड्यांचे सरासरी कार्बन उत्सर्जन मर्यादेत ठेवावे, असा नियम २०१७-१८ पासून आहे. २०२२-२३ पासून ही मर्यादा किलोमीटरला सुमारे ११३ ग्रॅम झाली. कंपन्या एकेक टक्क्यासाठी पत्रा हलका करतात, टायरचे रबर बदलतात, आरशाचा आकार बदलतात. नळीवरच्या चुंबकाने वीस टक्के मिळत असते, तर तो कारखान्यातूनच बसून आला असता.

तरीही तुमच्यापैकी कोणी म्हणेल, “मी बसवले आणि मला फरक पडला.” तो माणूस खोटे बोलत नाही. त्याचे माप कच्चे आहे. टाकी फुल करून अ‍ॅव्हरेज काढण्याची आपली रीत पाहा. पंपाचा नोझल एकदा आधी बंद पडतो, एकदा नंतर. गाडी थोडी कलती उभी असली तरी टाकीत अर्धा-एक लिटर कमीजास्त बसतो. दहा लिटरच्या हिशोबात एक लिटरची चूक म्हणजे दहा टक्के, विक्रेता सांगतो त्या बचतीचा बराच भाग. आता त्यात माणसाची भर घाला. यंत्र बसवल्याच्या दिवसापासून तो अ‍ॅव्हरेजकडे लक्ष देतो, क्लच जपून सोडतो, उगाच दाबून चालवत नाही. बचत होते, पण ती त्याच्या पायाने केलेली असते. आणि लोक यंत्र घ्यायला निघतात ते बहुधा अ‍ॅव्हरेज फार पडल्यावर. त्याच सुमारास सर्व्हिसिंग होते, पावसाचा चिखल सरतो आणि आकडा आपोआप सावरतो. श्रेय यंत्राला जाते.

अ‍ॅव्हरेज पडल्याची अलीकडची तक्रारही बिनबुडाची नाही. २०२३ पासून वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल पंपांवर येऊ लागले. इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलच्या लिटरच्या दोन-तृतीयांशच ऊर्जा असते. शुद्ध पेट्रोलसाठी घडवलेल्या आणि दहा टक्के मिश्रणाला जुळवलेल्या चारचाकीत सहा-सात टक्के घट येईल, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच आहे. ही घट खरी आहे, आणि तिच्याबद्दल ग्राहकाला स्पष्ट सांगितले गेले पाहिजे. पण जी ऊर्जा त्या लिटरमध्ये नाहीच, ती कोणतीही डबी आणून देऊ शकत नाही.

मानवत ही कापसाची बाजारपेठ. तुम्हाला मोजमापाचे महत्त्व मी काय सांगावे? कापसाची गाडी आली की “माल एक नंबर आहे” या शब्दावर सौदा होत नाही. ओलावा पाहतात, धागा पाहतात, काट्यावर वजन करतात. भारतीय कापूस महामंडळाच्या (सीसीआय) खरेदीत ओलावा आठ टक्क्यांच्या वर गेला की भाव कापतात आणि बाराच्या वर माल घेतच नाहीत. शेतकऱ्याच्या घामाला आपण इतके कडक माप लावतो. तेच माप विक्रेत्याच्या शब्दाला का लावू नये?

ते कसे लावायचे, हेही अवघड नाही. पुण्याच्या ए.आर.ए.आय. या वाहनचाचणी संस्थेत गाडी रोलरवर चालवतात, ठरलेल्या वेगाने, ठरलेल्या वेळी. धुरातला सगळा कार्बन मोजतात आणि त्यावरून किती इंधन जळले ते काढतात. जळलेल्या प्रत्येक लिटर पेट्रोलमागे सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतोच, तिथे लपवालपवीला जागा नाही. आपली एस.टी. दुसऱ्या रीतीने मोजते. दहा लिटर डिझेलमागे किती किलोमीटर, याला महामंडळात के.पी.टी.एल. म्हणतात आणि त्याच्या नोंदी सातत्याने ठेवल्या जातात. एका फेरीचा आकडा फसवू शकतो, वर्षभराच्या नोंदवहीला फसवणे कठीण.

घरच्या पातळीवर एवढे करा. एकच पंप, एकच नोझल, पहिल्या कट-ऑफला थांबायचे. चालक तोच, रस्ता तोच, टायरची हवा तीच. यंत्र नसताना काही टाक्या, बसवून काही टाक्या, पुन्हा काढून काही टाक्या. चालकाला यंत्र जोडलेले आहे की नाही हे कळू देऊ नका. काढल्यावर आकडा पडला आणि बसवल्यावर पुन्हा चढला, असे वारंवार झाले, तरच विश्वास ठेवा.

मग पेट्रोल वाचते कशाने? वेगाने सगळ्यात जास्त. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ऐंशीवरून शंभरावर गेलात की तो सुमारे छप्पन्न टक्क्यांनी चढतो. पेट्रोलियम संवर्धन संशोधन संघ ताशी ४५ ते ५५ किलोमीटर हा किफायतीचा वेग सांगत आला आहे. टायरची हवा प्रत्येक पौंडाने कमी झाली की सुमारे ०.२ टक्के इंधन जास्त लागते. आकडा लहान आहे, पण तो खरा आहे, आणि टायरही जास्त टिकतो. उभ्या गाडीचे इंजिन तासाला अर्धा ते एक लिटर पिते. फाटकावर, दुकानासमोर रोज दहा मिनिटे इंजिन चालू ठेवले, तर महिन्याला अडीच ते पाच लिटर जागेवर जळतात. टपावरचे रिकामे कॅरियर आणि डिकीतले ओझे उतरवा. उतारावर गाडी न्यूट्रल करू नका. इंजेक्शनच्या गाडीत गिअर ठेवून अ‍ॅक्सिलरेटर सोडला की संगणक इंधन पूर्ण बंद करतो, उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू राहायला इंधन लागतच राहते. आणि उतारावर चावी बंद करणे तर जिवाशी खेळ आहे, ब्रेकची मदत जाते, स्टिअरिंग जड होते. या सगळ्याला विकत काही घ्यावे लागत नाही, म्हणून याची जाहिरात कोणी करत नाही.

फसवणूक झालीच तर गप्प बसू नका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण दहा लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते, पुन्हा गुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत. राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. परभणीला जिल्हा ग्राहक आयोग आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी लागत नाही. धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूला हा कायदा लागू नाही, पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूला लागू आहे. स्वतःचा टेम्पो स्वतः चालवणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. पावती मात्र मागून घ्या.

शेवटी या व्यासपीठावरून एक सूचना करतो. मानवतच्या महाविद्यालयातील विज्ञानाचे विद्यार्थी, आय.टी.आय.ची मुले, दोन-चार जाणते मेकॅनिक आणि स्वतःची गाडी चालवणारे चालक यांनी एकत्र यावे. गावात जे उपकरण विकायला येईल, ते याच पद्धतीने तपासावे, नोंदी ठेवाव्यात आणि निकाल गावासमोर मांडावा. उपकरण खरे निघाले तर तेही तितक्याच मोकळेपणाने सांगावे. विक्रेत्याला आधीच कळवावे की मानवतमध्ये आधी चाचणी होते, मग विक्री. एका गावाने एवढे केले तर शेजारच्या पाथरीला, सेलूला, परभणीला त्याच नोंदवहीचा उपयोग होईल. ज्या शिक्षकांच्या स्मृतीसाठी आपण जमलो आहोत, त्यांनी आयुष्यभर मुलांना मोजायला आणि विचारायला शिकवले. ही नोंदवही त्यांच्या नावाने सुरू करा, आणि पुढच्या वर्षी व्याख्यानाऐवजी तिचा निकाल या व्यासपीठावरून वाचला जावा, अशी माझी विनंती आहे.